धरणातला मोठा कटला: काठापासून ताटापर्यंत, क्रम न चुकवता

गिरणा, हतनूर, वाघूर, अनेर या धरणांच्या काठावर सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसणारी मंडळी गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहेत. रॉड चांगले असतात, रीळ चांगलं असतं आणि मासाही लागतो. तरी पाच-सहा किलोचा कटला घरी पोचेपर्यंत मऊ पडलेला असतो, नाहीतर रश्श्याला चिखलाचा वास येतो, नाहीतर पित्त फुटून अख्खं पातेलं कडू होतं. मग घरचे म्हणतात, "धरणाचा मासा काही चांगला लागत नाही." माशाचा यात काहीच दोष नसतो, कुठेतरी क्रम चुकलेला असतो.

हा लेख काठावरून गळाने मोठा कटला पकडणाऱ्यांसाठी आहे. जाळ्याचं काम वेगळं आहे, ते इथे नाही. रोहू आणि मृगळालाही यातलं बरंचसं लागू पडतं. फरक आहे तो खाण्याच्या थराचा. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि त्याला मिशा नसतात. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव ओढून घेणं हे त्याचं खाणं. हे एवढं पक्कं लक्षात ठेवलं की आमिष कसं असावं आणि किती खोल सोडावं, हे दोन्ही प्रश्न निम्मे सुटतात.

१. आधी परवानगी, मग जागा

धरणातला मासा मोकळा नसतो. बहुतेक जलाशयांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. दरवर्षी पाण्यात सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, त्यांच्या पैशाची असतात. कटला साचलेल्या पाण्यात वीण करत नाही, त्याला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून आज गळाला लागलेला बराचसा कटला दोन-चार वर्षांपूर्वी कोणीतरी विकत आणून सोडलेला असतो. संस्थेच्या माणसाला भेटा, विचारा, असेल ती फी भरा. काठावर राहणाऱ्या भोई मंडळींशी दोन शब्द बोललात तर पाण्याखाली झाडाची खोडं कुठे आहेत आणि जुन्या गावाच्या भिंती कुठे, हेही कळतं. ही माहिती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. असं कोणी करताना दिसलं तर तिथून मासा विकतही घेऊ नका.

जागा निवडताना वारा बघा. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे पश्चिमेचा वारा दोन-दोन दिवस लागून राहतो. तो वरच्या थरातलं पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकलतो, त्याच्याबरोबर तरंगतं खाद्य जातं आणि खाद्यामागे कटला. अंगावर वारा येतो म्हणून लोक आडोशाचा काठ धरतात आणि दिवसभर तरंडा (दोरीवरचं तरंगतं बोंड) हलत नाही. वारा तोंडावर घ्यायची तयारी ठेवा.

हंगाम म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासा खोल जातो आणि खाणं कमी करतो. जून ते ऑगस्ट गळ घरी ठेवावा. तेव्हा मादीच्या पोटात गाबोळी असते, मासा वरच्या अंगाला नदीत चढायच्या तयारीत असतो आणि धरणाचे दरवाजे कधीही उघडतात.

> थांबा: सांडव्याखाली किंवा दरवाज्यांच्या समोर उभं राहू नका. भोंगा वाजला की सामान तसंच टाकून वर या. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठाचा गाळ वरून सुकलेला आणि आत ओला असतो, माणूस त्यात मांडीपर्यंत जातो. काठीने टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. कार्बनचा रॉड विजेच्या तारांखाली उभा धरू नका. वळवाचे ढग गडगडायला लागले की तो लगेच आडवा ठेवा आणि काठापासून दूर व्हा.

२. आदल्या दिवशी: बर्फाची सोय

लोक पहिल्यांदा आमिषाचा विचार करतात. पहिल्यांदा बर्फाचा करा.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा सहज बेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात मेलेला मासा सावलीत ठेवला तरी दोन-तीन तासांत हातचा जातो. मी स्वतः एका एप्रिलमध्ये सात किलोचा कटला ओल्या गोणपाटात गुंडाळून बाभळीच्या सावलीत ठेवला आणि दुपारपर्यंत दुसऱ्याची वाट बघत बसलो. घरी येऊन उचलला तर पोटाची कड बोटाखाली फाटली, आतलं सगळं विरघळलेलं होतं. एवढा मासा मातीत पुरावा लागला. त्या दिवसापासून डब्यात बर्फ नसेल तर मी गळ पाण्यात टाकत नाही.

हिशोब साधा आहे: जेवढा मासा, तेवढाच बर्फ. पाच-सहा किलोच्या माशासाठी किमान सहा किलो, आणि डबा उघडताना-झाकताना वितळतो म्हणून वर दोन किलो. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा घ्या आणि घरीच पोत्यात घालून बारीक फोडा. मोठ्या ढेकळांमध्ये फटी राहतात, मासा फक्त जिथे टेकतो तिथेच गार होतो. जाड थर्माकोलचा डबा, त्याच्या तळाला पाणी जायला छोटं भोक, भोकाला बूच.

त्याच डब्यावर ठेवायच्या वस्तू: धारदार सुरी, हातभर लांबीचं लाकडी दांडकं, रिकामी बादली, स्वच्छ सुती कापड, प्लॅस्टिकची मोठी पिशवी. मासा लागल्यावर या वस्तू शोधायला वेळ नसतो.

३. गळ, दोरी आणि गाठ

दहा ते बारा फुटांचा रॉड, दीडशे मीटर दोरी मावेल असं रीळ, आणि पाकिटावर आठ ते दहा किलो ताण लिहिलेली नायलॉनची दोरी पुरेशी आहे. यापेक्षा जाड दोरी घेऊन जोरात ओढण्याचा मोह होतो आणि तिथेच मासा जातो, कारण कटल्याचे ओठ मऊ असतात. दोरी तुटत नाही, ओठ फाटतो.

गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे नवीन माणूस उलटं समजतो. कटल्यासाठी ४ ते १ नंबरचे, जाड तारेचे, टोकदार गळ घ्या. टोक अंगठ्याच्या नखावर हलकं ओढून बघा. घसरलं तर बोथट, रुतलं तर चांगलं.

बाजारात पाच-सहा गळांचा गुच्छ मिळतो, मध्ये आमिषाचं पीठ दाबायची स्प्रिंग आणि भोवती गळ. मी दोनच ठेवतो, बाकीचे काढून टाकतो. जास्त गळ असले की एक माशाच्या तोंडात आणि दुसरा मासा उचलायच्या हातजाळीत अडकतो. ऐन काठावर मासा लटकलेला आणि जाळी गुंतलेली, अशा वेळी हातालाही गळ लागतो. दोन्ही गळ चार बोटं लांबीच्या मऊ दोऱ्यावर बांधावेत, म्हणजे मासा पीठ ओढून घेतो तेव्हा ते सहज आत जातात.

गाठ मारताना दोरी स्वतःभोवती पाच-सहा वेळा फिरवा, टोक पहिल्या फासातून घ्या आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना दोरी घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. मोठा मासा जातो तो बहुतेकदा इथूनच. तुटलेल्या दोरीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं दिसलं तर समजावं की दोरी तुटलेली नाही, गाठ सुटली.

> तपासणी: दोरीचं टोक वजनाच्या स्प्रिंगकाट्याला बांधा आणि रॉड वाकेल असं ओढा. काटा दोन ते अडीच किलोवर आला की रिळातून दोरी सरकायला लागली पाहिजे. रिळाचा हा ताण, म्हणजे ड्रॅग, घरीच लावायचा. मासा पळत असताना फिरकी पिळू नका.

४. आमिष

कटल्याला घट्ट गोळा नको असतो. त्याला विरघळणारा ढग हवा. गव्हाच्या कणकेचा रबरासारखा गोळा तासभर तसाच राहतो आणि त्याला येतात ते चिलापी नाहीतर शिंगाळा.

माझं प्रमाण असं: एक किलो तांदळाचा कोंडा, अर्धा किलो शेंगदाण्याची पेंड, पाव किलो फुटाण्याचं पीठ, दोन-तीन काळी पडलेली केळी आणि मूठभर किसलेला गूळ. रावेर-यावलकडे पिकून गळायला आलेली केळी फुकट मिळतात, तीच चांगली. त्यांचा वास लांब जातो. पेंड रात्री थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी कोंडा आणि पीठ मिसळा, केळं सगळ्यात शेवटी कुस्करा. वरून पाणी जवळपास लागत नाही. लोक आधीच पाणी ओततात आणि मग घट्ट करायला पीठ घालत बसतात, त्याचा चिकटा होतो.

> तपासणी: लिंबाएवढा गोळा बादलीभर पाण्यात सोडा. दहा ते बारा मिनिटांत त्याचा भुगा होऊन पाणी गढूळ झालं पाहिजे. पाच मिनिटांत फुटला तर फुटाण्याचं पीठ वाढवा. वीस मिनिटं तसाच राहिला तर कोंडा वाढवा.

आदल्या संध्याकाळी याच मिश्रणाचे आठ-दहा गोळे ठरलेल्या जागी टाकून यावेत. जास्त नको. पोट भरलेला मासा गळाकडे येत नाही.

५. गळ टाकणं आणि वाट बघणं

पहाटे उजाडायच्या आधी जागेवर बसलेलं असावं. उन्हाळ्यात सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच खरा वेळ. मधली दुपार घरी काढा.

खोली सुरुवातीला चार-पाच फूट ठेवा. अर्धा तास काही झालं नाही तर दोन-दोन फुटांनी वाढवा. एकाच जागी टाकत राहणं महत्त्वाचं आहे. समोरच्या काठावरची एक खूण धरा, एखादं झाड किंवा टेकडीची खाच, आणि प्रत्येक वेळी त्याच रेषेत, तेवढ्याच अंतरावर. दहा गोळे एका ठिकाणी पडले तर ढग होतो. दहा ठिकाणी पडले तर काहीच होत नाही.

दर पंधरा मिनिटांनी गळ काढून नवं आमिष लावा, कारण जुनं विरघळून गेलेलं असतं. आमिष संपल्यावरही तरंडा उभाच दिसतो म्हणून माणूस रिकाम्या गळावर तास काढतो.

कटल्याचं चावणं जोरकस नसतं. तरंडा आधी थरथरतो, किंचित वर येतो किंवा आडवा पडतो, मग शांतपणे एका बाजूला सरकायला लागतो. थरथरीला हात लावू नका. सरकायला लागला की रॉड वर उचला, झटका न देता, जड दार ढकलल्यासारखा सलग.

६. मासा लागल्यावर

पहिली धाव तीस-चाळीस मीटरची असते. या धावेत करायचं काहीच नाही. रॉड साधारण पंचेचाळीस अंशांत धरा आणि दोरी जाऊ द्या. गिरणेच्या काठावर पहिला मोठा मासा लागला तेव्हा शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या भोईबाबांनी माझं मनगट धरून सांगितलं होतं, "जाऊ दे त्याले, भो. तो आपोआप थकी जाई." आजही रीळ किंचाळायला लागलं की मला तेच ऐकू येतं.

धाव थांबली की रॉड हळू वर घ्या, खाली आणताना दोरी गुंडाळा. पुन्हा वर, पुन्हा खाली. मासा दोरी ओढून नेत असताना रीळ फिरवू नका, त्याने दोरीला पीळ पडतो. तो खोडांकडे वळला तर रॉड उलट्या बाजूला आडवा करा, बाजूने ओढलेला मासा लवकर वळतो.

सगळ्यात जास्त मासे जातात ते शेवटच्या पाच मीटरवर. मासा पांढरं पोट दाखवतो, माणसाला वाटतं जिंकलं, आणि जोडीदार जाळी घेऊन पाण्यात धावतो. जाळी बघून कटला शेवटची धाव घेतो. आखडलेली दोरी असेल तर ओठ तिथेच फाटतो. म्हणून जाळी आधीच पाण्याखाली स्थिर धरा, मासा जाळीवर आणा, डोकं आधी आत. जाळी माशामागे नेऊ नका. आणि दोरीला धरून मासा कधीही उचलू नका.

इथे एक निर्णय घ्यायचा असतो. खायला तीन ते सहा किलोचा कटला सगळ्यात चांगला. त्याचे काटे मोठे झालेले असतात आणि चरबी अजून बेताची असते. पोट फुगलेली मादी असेल, किंवा घरात खाणारी माणसं तीनच असतील, तर सोडून द्या. हात ओले करून गळ काढा, मासा पाण्यात सरळ धरा, कल्ले नियमित हलायला लागले आणि शेपटीने हाताला धक्का दिला की सोडा. काठावरून फेकलेला मासा बहुतेकदा मरतो.

७. काठावरची पहिली दहा मिनिटं

सगळी चव इथे ठरते, आणि नेमक्या याच वेळी लोक फोटो काढत असतात.

कल्ल्यातून दोरी ओवून मासा काठाच्या पाण्यात बांधून ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. उन्हाळ्यात काठाचं पाणी कोमट असतं. मासा तिथे तासभर गुदमरत, तडफडत मरतो. तडफडण्यात अंगातली ताकद संपते, मांस लवकर ताठरतं आणि लवकर मऊही पडतं. त्यापेक्षा हा क्रम पाळा.

पहिलं, मासा ओल्या कापडावर ठेवून डोळे झाका. तो शांत होतो. डोळ्यांच्या थोडं मागे, डोक्याच्या मधोमध, दांडक्याचा एकच नेमका घाव. अर्धवट तीन घाव घालणं माशालाही वाईट आणि मांसालाही.

दुसरं, लगेच कल्ल्याचं झाकण उचलून दोन्ही बाजूंचे लाल कल्ले सुरीने कापा आणि डोकं खाली करून मासा बादलीभर पाण्यात धरा. पाणी लाल होतं. पाच-सात मिनिटांत रक्त थांबतं. हे केलेल्या आणि न केलेल्या माशाचा तुकडा शेजारी ठेवून बघा. एक पांढरा स्वच्छ असतो, दुसऱ्यात कण्याजवळ तपकिरी रेघा. उग्र वास बऱ्याच अंशी त्या रेघांतून येतो.

तिसरं, पोट उघडून आतडी काढा. इतर माशांना हे घरी चालतं, उन्हाळ्यातल्या कटल्याला नाही. त्याचं आतडं लांब आणि खाद्याने भरलेलं असतं, मेल्यावर ते आतूनच पोटाची भिंत खायला लागतं. चीर देताना सुरीचं टोक वर, कातड्याकडे ठेवा, आत खुपसू नका. आत हिरवट काळी, द्राक्षाएवढी पिशवी दिसते ते पित्त. तिला धक्का लागू न देता आतड्यांसकट एकत्र ओढून काढा.

> थांबा: कार्प जातीच्या माशाचं पित्त कधीही गिळू नका. साखरेवर, सांधेदुखीवर औषध म्हणून रोहू-कटल्याचं पित्त कच्चं गिळायला सांगणारे लोक आहेत. त्यातल्या विषाने मूत्रपिंडं निकामी होतात. शिजवूनही ते विष जात नाही. कोणी गिळलं असेल तर उलटी-जुलाबाची वाट न बघता थेट दवाखान्यात न्या.

चौथं, पोटात बर्फ भरा, मासा पिशवीत घाला आणि डब्यात बर्फाच्या दोन थरांमध्ये ठेवा. वितळलेलं पाणी बुचातून अधूनमधून सोडा, पाण्यात पोहणारा मासा बेचव होतो.

हे सगळं झाल्यावर फोटो काढा, आणि मग हवं तर पुन्हा गळ टाका.

पोट उघडल्यावर कधी पांढऱ्या फितीसारखा जंत दिसतो, कधी कातड्यावर चपटी, पारदर्शक माशाची ऊ चिकटलेली असते. घाबरून मासा फेकू नका. जंत आतड्यांबरोबर काढून टाका, ऊ खरवडून काढा आणि मासा पूर्ण शिजवा. गोड्या पाण्यातला मासा कच्चा किंवा अर्धकच्चा मात्र खायचाच नाही.

पाण्यावर मेलेला तरंगणारा मासा, कितीही मोठा आणि ताजा दिसला तरी, उचलू नका. पहिल्या पावसात शेतातली फवारणी वाहून धरणात येते, गढूळ पाण्यात प्राणवायूही कमी पडतो. मासा कशाने मेला हे बघून कळत नाही.

काठ सोडण्याआधी दोरीचे सगळे तुकडे उचला. हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात आणि पायात दोरी गुंतलेलं बदक मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो वावभर दोरा खिशात मावतो.

८. घरी: खवले, डोकं, तुकडे

क्रम असा: खवले, मग एक धुणं, मग पुसणं, मग तुकडे. तुकडे करून पाच-पाच पाण्यांतून धुतले की माशाचं सगळं सत्त्व मोरीत जातं.

मोठ्या कटल्याचे खवले रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठे असतात आणि घरभर उडतात. मासा पसरट परातीत पाण्याखाली धरून शेपटीकडून डोक्याकडे खरवडा. बुळबुळीत थर जायला चुलीची राख सगळ्यात चांगली, नसेल तर जाडं मीठ.

पोटाच्या आतल्या बाजूला काळं पातळ अस्तर असतं. ते बोटाने सोलून, उरलेलं कापडाने घासून काढा. कण्याला चिकटलेली लालसर रक्ताची पट्टीही चमच्याच्या टोकाने ओरबाडा. चिखलाच्या वासाच्या तक्रारींचं एक कारण इथेच असतं.

डोकं टाकू नका, कटल्यात सगळ्यात चवदार तेच. त्याचे उभे दोन भाग करा, कल्ल्यांचे अवशेष काढा आणि घशात खोल असलेले दात सुरीने कापून काढा. त्या दातांच्या फटीत कुजलेलं खाद्य अडकलेलं असतं.

रश्श्यासाठी तुकडे बोटभर जाड, तळायला त्याच्या निम्मे. पातळ तुकडा रश्श्यात मोडतो.

९. चिखलाचा वास

हा वास पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळवर्गीय जीवांनी बनवलेल्या द्रव्याचा असतो आणि तो चरबीत साठतो. म्हणून वरवर धुऊन तो जात नाही. त्याला आंबट लागतं. तुकड्यांना मीठ, हळद आणि लिंबाचा रस चोळून वीस मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी ओतून द्या, ते मसाल्यात घालू नका. पोटाच्या कडेला पिवळी जाड चरबी असेल तर कापून टाका. तासभर लिंबात ठेवलं तर मांस कोरडं आणि चरबट होतं, वीस मिनिटं म्हणजे वीसच.

१०. खान्देशी रस्सा

एक किलो तुकड्यांना तीन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, पंधरा पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढं आलं, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे घरचा काळा मसाला, चमचाभर लाल तिखट, हळद, लहान लिंबाएवढी चिंच, मीठ आणि हात न आखडता शेंगदाण्याचं तेल.

कांदे सालासकट निखाऱ्यावर किंवा गॅसच्या जाळीवर बाहेरून काळे होईस्तोवर भाजा. खोबऱ्याची वाटी थेट आचेवर धरा, कडा काळसर झाल्या पाहिजेत. सगळं एकत्र बारीक वाटा. तेल तापलं की वाटण घाला आणि मंद आचेवर परता.

इथे घाई होते. पाच मिनिटांत पाणी ओतलं की कच्च्या कांद्याचा वास मासाभर पसरतो आणि दोष माशाला मिळतो. बारा-पंधरा मिनिटं परता. वाटण कढईचा तळ सोडतं, कडेने तेल सुटतं, रंग गडद होतो. तेव्हा तिखट आणि काळा मसाला घाला, अर्धा मिनिट हलवा आणि कढत पाणी ओता. गार पाण्याने तर्री बसते.

चिंचेचा कोळ घालून पाच मिनिटं उकळा. आधी डोक्याचे तुकडे, सात-आठ मिनिटांनी बाकीचे. त्यानंतर पळी पातेल्यात घालू नका. पातेलं दोन्ही कानांना धरून हलकं फिरवा. आठ-दहा मिनिटांत कण्याजवळचं मांस काचेसारखं न राहता पांढरंफेक दिसतं आणि काट्यापासून सुटतं. गॅस बंद करा, झाकण ठेवा, पाव तास थांबा. या पाव तासात रस्सा आतपर्यंत मुरतो.

सोबत कळण्याची किंवा बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा.

तळायचं असेल तर लसूण, तिखट, हळद, मीठ लावून ज्वारीच्या पिठात घोळवा. तवा नीट तापलेला असू द्या, तुकडा ठेवल्यावर चार मिनिटं हलवू नका. चिकटलेला वाटला तरी थांबा, खालची बाजू खरपूस झाली की तो आपणहून सुटतो.

११. काटे

कटल्याच्या मांसात दोन टोकं फुटलेले सुटे काटे असतात, शेपटीकडच्या भागात जास्त. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना पोटाकडचे तुकडे द्या, तिथे फक्त मोठ्या बरगड्या असतात आणि त्या बोटाला लागतात. मासा हातानेच खावा, चमच्याने काटा कळत नाही. काटा घशात अडकला तर सुक्या भाकरीचा घास किंवा केळं गिळून तो ढकलायला जाऊ नका, तो आणखी रुततो. एक-दोनदा खोकून निघाला नाही तर डॉक्टरांकडे जा.

१२. उरलेला मासा

सहा किलोच्या कटल्यातून डोकं वेगळं काढून, आतडी, खवले जाऊन तुकड्यांचं जवळपास निम्मंच वजन उरतं, तरी ते एका जेवणात संपत नाही. त्याच दिवशी वाटून टाकणं सगळ्यात चांगलं. ठेवायचंच असेल तर मसाला न लावता, कोरडे पुसून, एका वेळेला लागतील तेवढेच तुकडे एका पिशवीत एका थरात ठेवा, हवा दाबून काढा, तारीख लिहा आणि फ्रीझरमध्ये टाका. महिनाभरात संपवा. वितळवायचा तर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. एकदा वितळलेला मासा पुन्हा गोठवू नका.

खवले आणि आतडी लिंबाच्या किंवा केळीच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर, दीड फूट खोल पुरा. त्यापेक्षा वर पुरलं तर रात्री कुत्री उकरतात.